अज्ञान देवाची जमीन

कायद्याच्या नजरेत देव कायमचा ‘अज्ञान’, म्हणजे वयात न आलेलं मूल. त्याची जमीन पालकाने खऱ्या गरजेपुरतीच विकावी किंवा गहाण टाकावी. 1875 साली प्रसन्नकुमारी देवीच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने शेबायताला, म्हणजे आपल्याकडच्या वहिवाटदाराला, हीच मोजपट्टी लावली. खोट एकच होती. व्यवहार आधी व्हायचा; गरज खरी होती का, हा प्रश्न नंतर निघायचा, तोही कुणी कोर्टाची पायरी चढलाच तर.

राजापेठेतला एखादा धर्मादाय प्लॉट घ्या. अमरावती जुन्या मध्य प्रदेशात होती तेव्हा 1951च्या कायद्याने विक्री, गहाण, बक्षीस यांना रजिस्ट्रारची पूर्वपरवानगी लागू लागली. पुढे वऱ्हाड मुंबई राज्यात आला आणि 1961पासून मुंबईचा 1950चा कायदा इथेही लागू झाला: धर्मादाय आयुक्त आणि कलम 36. शेतीचा दहा वर्षांवरचा आणि बिगरशेती जागेचा तीन वर्षांवरचा पट्टाही त्यात अडवलेला आहे. मला ही पट्ट्याची अटच सर्वांत शहाणी वाटते. विक्री गावाला दिसते; पट्टा लांबत गेला की देव नावापुरता मालक उरतो, आणि भाडं मात्र आजोबांच्या काळातलं.

2007मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने शैलेश डेव्हलपर्स प्रकरणात आयुक्तांचा अधिकार नुसत्या हो-नाहीपुरता ठेवला नाही. जास्त भावाची बोली आली तर तीही त्यांनी पाहावी. मग 2017ची दुरुस्ती आली. अपवादात्मक स्थितीत व्यवहारानंतरही मंजुरी मिळू शकते. अडचण ट्रस्टची असावी, किंवा पैसे मोजून प्रामाणिकपणे जमीन घेणाऱ्याची. अज्ञानाच्या राखणीसाठी लिहिलेल्या कलमात आता गिऱ्हाइकाचीही सोय आहे.