दोर कुणाला बांधायचा?

आमचे गाव पिंपळगाव राजा. तालुका खामगाव, जिल्हा बुलढाणा. गावाच्या नावात पिंपळ आहे आणि राजाही आहे. माझ्या वाट्याला मात्र एक कडुलिंब आला. वडिलांनी लावलेला. त्याची एक जाडजूड फांदी स्वयंपाकघराच्या टिनांवर अशी झुकली होती, की जरा वारा सुटला की आमची ही फोडणी अर्धवट टाकून अंगणात येई आणि आधी फांदीकडे व मग माझ्याकडे पाही. दोघांपैकी आधी कोण कोसळणार, असा त्या नजरेचा अर्थ. शिवाय बुंध्यात एक ढोली पडली होती, ती वेगळीच.

आता मी पडलो इतिहासाचा निवृत्त मास्तर. घरात झुरळ निघाले तरी मी आधी त्याचा पूर्वेतिहास पाहतो. तेव्हा कुऱ्हाडीऐवजी मी पुस्तके काढली आणि पहिल्याच दिवशी वराहमिहिर सापडला! सहाव्या शतकातल्या त्याच्या 'बृहत्संहिते'त वृक्षायुर्वेदावर अख्खा अध्याय आहे. थंडी, वारा आणि ऊन यांनी झाड आजारी पडते. पाने फिकटतात, फांद्या वाळतात, रस गळतो. उपाय काय, तर आधी शस्त्राने सडका भाग साफ करावा, मग वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप द्यावा आणि दूधपाणी घालावे.

मी हे मोठ्या उत्साहाने घरात वाचून दाखवले. "तूप?" एवढाच शब्द आला. वराहमिहिर तिथेच संपला.

मग मी अमेरिकेत गेलो. म्हणजे पुस्तकातूनच. मूळचा इंग्लंडचा जॉन डेव्ही ओहायो राज्यातल्या केंट गावी स्थायिक झाला आणि 1901 साली त्याने 'द ट्री डॉक्टर' हे पुस्तक काढले. झाडावर चढणाऱ्या माणसाला डॉक्टर म्हणवून घेण्याची हिंमत त्याने केली. ढोल्या साफ करून त्यांत सिमेंट भरायचे, दाताच्या डॉक्टरसारखे, हा त्याच्या पंथाचा लाडका इलाज. सिमेंटला आमच्या घरात हरकत नव्हती. मी अर्धे पोते कालवून लिंबाची दाढ भरून टाकली. झाड वाऱ्यात हलते, सिमेंट हलत नाही, हे मला पहिल्या पावसाळ्यात कळले. मधल्या फटीत पाणी मुरले आणि ढोली आतून जोमाने सडू लागली.

अखेर मामाला बोलावले. हा साऱ्या गावाचा मामा. वय सत्तरीचे, एक पाय किंचित फेंगडा. सामान म्हणजे कुऱ्हाड, कोयता, आरी, कानस आणि एक लांब दोर. सोबत नातू, त्याच्या खांद्यावर पेट्रोलवर चालणारी कटर. तिचाही इतिहास मी त्या पोराला ऐकवला. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधल्या डॉक्टरांनी साखळीची छोटी करवत केली ती झाडासाठी नव्हे. अडलेल्या बाळंतिणीचे हाड कापायला. तिच्या मोठ्या बहिणीला जर्मनीत पेट्रोलचे इंजिन बसले ते 1920 च्या दशकात. पोराने एकदा कटरकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले आणि तो दोन पावले मागे सरकला.

मामा सिमेंट पाहून म्हणाला, "गुरुजी, झाडाच्या पोटात ओटा काऊन बांधला?"

मी विषय बदलला. मामा चढला. दोराचे एक टोक फांदीला बांधले, वरच्या बेचक्यातून घेऊन दुसरे खाली नातवाच्या हाती दिले. मग हातभर अंतरावर आधी खालून काप घेतला, नंतर थोडा पुढे सरकून वरून. फांदी साल न सोलता दोरावर अलगद लोंबकळली. उरलेला खुंट कापताना त्याने बुडाचा फुगवटा जपून सोडला. "हा झाडाचा गळा हाये. हा कापला त झाड जखम भरत नाई."

मी थक्क झालो. अमेरिकेच्या वनखात्यातल्या ॲलेक्स शायगोने हजारो झाडे उभी चिरून हेच तर सांगितले होते! झाडाची जखम आपल्यासारखी बरी होत नाही. झाड तिच्याभोवती भिंती घालते आणि ती आत कोंडून पुढे वाढते. म्हणून फुगवटा सोडून कापा, लेप नको, सिमेंट तर नकोच. त्याचा हा सिद्धांत 1977 साली छापून आला. मामाला कोणी छापले नव्हते.

दुसरी फांदी राहिली होती. तेवढ्यात माझ्या ध्यानात आले, की दोर फांदीला आहे, मामाला नाही.

"मामा, तुम्ही दोर नाही बांधला?"

"फांदी पडली त तुमचे टीन फुटते, गुरुजी. मी पडलो त माह्याच पाय मोडते." आणि त्याने फेंगडा पाय हलवून दाखवला.

मला एकदम आज्ञापत्र आठवले. रामचंद्रपंत अमात्यांनी 1715 च्या सुमारास त्यात झाडांची किती काळजी घेतली आहे! आंबे-फणस तोडू नयेत, जीर्ण झाड धन्याला राजी करून, मोल देऊन तोडावे. वराहमिहिराला झाडाची काळजी, अमात्यांना धन्याची. 2018 साली तेलंगणात महबूबनगरच्या जुन्या वडाला वाळवी लागली तेव्हा त्याला सलाईनच्या बाटल्यांतून औषध लावले. मी ते कौतुकाने वाचले होते. माझ्या साऱ्या टिपणवहीत वर चढणारा माणूस कुठेच नव्हता. डेव्हीने त्याला डॉक्टर केले, पण ते ओहायोत.

मी म्हणालो, "खाली उतरा. उद्या खामगावहून दुसरा दोर आणि पट्टा आणतो, मगच चढा."

दुसऱ्या दिवशी आणला. मामाने नवा दोर ओढून पाहिला, खूश झाला आणि म्हणाला, "वा! आता फांदी दोन दोरांनं बांधतो."

तेव्हा आमची ही हातात पोळपाट घेऊन बाहेर आली. "मामा, टीन फुटलं तर नवं बसवू. दोर आधी कमरेला, मग चहा."

मामाने निमूटपणे पट्टा बांधला. तीस वर्षे शिकवून मला जे जमले नाही, ते एका वाक्यात झाले.