फुगलेली बॅटरी आणि हरवलेले पॉलिमर

🧵 १/
दूरनियंत्रित विमाने, ड्रोन किंवा शर्यतीच्या छोट्या मोटारी चालवणाऱ्या छांदिष्टाच्या कपाटात उशीसारखी फुगलेली एखादी तरी बॅटरी सापडतेच. तिच्यावर ‘लिथियम पॉलिमर’ असे छापलेले असते. बोलताना सगळे तिला ‘लिपो’ म्हणतात. ती का फुगली, असे विचारले की ‘माल हलका होता’ हे उत्तर ठरलेले. ते पूर्ण खोटे नाही. पण उरलेले उत्तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील काही निर्णयांमध्ये दडलेले आहे. आजचा धागा त्या निर्णयांविषयी.

२/
सुरुवात ऑक्टोबर १९७३ मध्ये, ऑस्ट्रियातील वेल्स या गावी करू. २१ तारखेला ‘एमबी-ई१’ नावाचे मोटर-ग्लायडर केवळ विजेच्या बळावर, माणसाला घेऊन हवेत उठले. त्यामागची प्रेरणा होती फ्रेड मिलिटकी यांची. हे गृहस्थ त्याआधी विजेवर उडणारी खेळण्यातील विमाने घडवत असत. म्हणजे छंद आधी आणि खरे विमान नंतर, असा हा क्रम आहे. उड्डाण पाव तासही टिकले नाही, कारण बॅटऱ्या निकेल-कॅडमियमच्या होत्या आणि त्यांच्या वजनाच्या मानाने मिळणारी ऊर्जा तुटपुंजी होती. त्याच आठवड्यात अरब राष्ट्रांनी तेलबंदी पुकारली आणि हलक्या, दमदार बॅटरीचा शोध हा एकाएकी राष्ट्रांच्या चिंतेचा विषय झाला.

३/
निकेल-कॅडमियम बॅटरीचा एक गुण मात्र लक्षात ठेवावा, कारण पुढे तोच आपल्याला नडणार आहे. तिच्यातील इलेक्ट्रोलाइट पाण्याचे असते. जास्त चार्ज केल्यास तिच्यात ऑक्सिजन तयार होतो. १९४७ मध्ये गेओर्ग नॉयमान यांनी (होय, मायक्रोफोनवाले नॉयमान तेच) हा ऑक्सिजन आतल्या आतच कॅडमियमच्या पट्टीवर पुन्हा शोषला जाईल, अशी रचना साधली. त्यामुळे डबा कायमचा बंद करता आला. वायू निर्माण व्हायचा आणि जिरूनही जायचा. ही बॅटरी रात्रभर मंद चार्जिंगवर ठेवली तरी चालत असे. ‘स्मृती’चा दोष जडू नये म्हणून ती पूर्ण रिकामी करून मगच चार्ज करावी, असेही वडीलधारे छांदिष्ट सांगत. या दोन्ही सवयी दोन पिढ्यांच्या हाडीमासी खिळल्या.

४/
लिथियमच्या घरात पाण्याला प्रवेश नाही; दोघांची गाठ पडली की लिथियम हायड्रॉक्साइड आणि हायड्रोजन तयार होतात. म्हणून पाण्याविना इलेक्ट्रोलाइट हवे होते. १९५८ मध्ये बर्कली येथे विल्यम हॅरिस या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात प्रॉपिलीन कार्बोनेटसारखी द्रावके तपासली आणि त्यांत लिथियम टिकते, असे दाखवले. (एका विद्यार्थ्याचा प्रबंध पुढच्या तीस वर्षांची दिशा ठरवतो, हे वाचून माझ्यासारख्याला जरा धीर येतो.) खरे तर लिथियम तेथेही द्रावकाशी झगडतेच, पण त्या झगड्यातून त्याच्यावर एक अतिशय पातळ पापुद्रा चढतो आणि पुढची झीज थांबवतो. तेल अवीवच्या इमॅन्युएल पेलेड यांनी १९७९ मध्ये या पापुद्र्याचे शास्त्र मांडले. त्यातून लिथियमचे आयन जाऊ शकतात, इलेक्ट्रॉन मात्र नाहीत. लिथियम बॅटरीचे सारे आयुष्य म्हणजे या पापुद्र्याचे आयुष्य, असे म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही.

५/
ऋणाग्रासाठी ग्रॅफाइट स्वस्त आणि सोयीचे होते. परंतु १९७० मध्येच डे आणि सलिव्हन यांनी दाखवून दिले होते की ग्रॅफाइटवर प्रॉपिलीन कार्बोनेट विघटित होऊन प्रॉपिलीन वायू सुटतो. ग्रॅफाइटचे थर कांद्याच्या पाकळ्यांसारखे सुटे होत आणि टिकाऊ पापुद्रा काही धरत नसे. तोडगा निघाला १९९० मध्ये, कॅनडात. फाँग, फॉन साकेन आणि डान यांनी द्रावकात एथिलीन कार्बोनेट वापरले आणि पापुद्रा पक्का बसला. दोन्ही द्रावकांच्या रेणूंत फरक काय, तर एका मिथिल गटाचा! एथिलीन कार्बोनेट थंड खोलीत गोठलेले असते, सुमारे ३६ अंशांना वितळते. त्यामुळे इतकी वर्षे कोणी त्याच्याकडे फारसे वळले नसावे, असा माझा तर्क आहे.

६/
आता मुख्य मुद्दा. हा चांगला, पक्का पापुद्राही वायू सोडल्याशिवाय तयार होत नाही. सेल पहिल्यांदा चार्ज होतो तेव्हा थोडे द्रावक विघटित होते. त्यातून पापुद्रा बनतो आणि एथिलीन, कार्बन मोनॉक्साइड यांसारखे वायू सुटतात. म्हणून कारखान्यात पाकिटाच्या एका बाजूस मुद्दाम रिकामी जागा सोडलेली असते. पहिल्या चार्जचा वायू तेथे जमतो. मग निर्वातात तो काढून घेतात, ती बाजू कापून टाकतात आणि पाकीट पुन्हा सीलबंद करतात. म्हणजे आपल्या हाती येणारी प्रत्येक सपाट, चकचकीत लिपो जन्मतः एकदा वायू सोडून मोकळी झालेली असते. पुढे जी फुगते, ती त्याच प्रक्रियेची नको असलेली पुनरावृत्ती.

७/
मग ‘पॉलिमर’ कोठे आहे? १९७३ मध्येच (हे वर्ष पुन्हा आले) शेफील्डच्या पीटर राइट आणि सहकाऱ्यांनी पॉलिएथिलीन ऑक्साइडमध्ये क्षार मिसळल्यास त्यातून आयन वाहतात, असे नोंदवले. १९७८ मध्ये मिशेल आर्मां यांनी त्यावरून घन इलेक्ट्रोलाइटची कल्पना मांडली: द्रवच नाही, म्हणजे गळती नाही आणि उडून जाणारे, पेट घेणारे द्रावकही नाही. स्वप्न सुंदर होते. अडचण एवढीच की हा पदार्थ साधारण ६० अंशांच्या वर तापल्याशिवाय नीट काम करत नाही. अशा खऱ्या पॉलिमर बॅटऱ्या २०११ पासून काही वर्षे पॅरिसच्या ‘ऑटोलिब’ या भाड्याच्या मोटारींत धावल्या. त्यांना सतत उबदार ठेवावे लागे. खेळण्यातल्या विमानाला असले लाड परवडणारे नव्हते.

८/
दरम्यान १९८९ मध्ये जपानमध्ये एका मोबाइल फोनच्या बॅटरीने पेट घेतला. ती कॅनडाच्या मोली एनर्जीची, शुद्ध लिथियम धातूचे ऋणाग्र असलेली बॅटरी होती. धातूवरचा विश्वास उडाला. १९९१ मध्ये सोनीने बाजारात आणलेल्या लिथियम-आयन बॅटरीत ऋणाग्र कार्बनचे होते आणि कवच धातूचे. त्यानंतर अमेरिकेतील बेलकोर प्रयोगशाळेत तारास्कों, गोझ्झ आणि सहकाऱ्यांनी मधला मार्ग काढला: द्रव इलेक्ट्रोलाइट शोषून धरणारा प्लास्टिकचा पडदा, आणि धातूच्या डब्याऐवजी मऊ पाकीट. उद्योगाने पुढे पाकीट ठेवले, नाव ठेवले. पडदा मात्र हळूहळू साधाच झाला. छंदासाठी मिळणाऱ्या बहुतेक लिपोंमध्ये आज द्रव इलेक्ट्रोलाइटच असते. पुण्याच्या लकडी पुलात आज लाकूड शोधू नये, तसेच हे.

९/
धातूच्या डब्यात वायू होत नाही असे नाही. डबा दाब सोसतो, आणि दाब फार वाढला तर त्यातील झडप उघडते. लिपोचे पाकीट म्हणजे नायलॉन आणि पॉलिप्रॉपिलीन यांच्यामधला ॲल्युमिनियमचा पत्रा. १९६८ पासून जपानी दुकानांत तयार ‘करी’ विकणाऱ्या पाकिटांच्या कुळातले. त्याला झडप नाही आणि दाब सोसण्याची ताकदही नाही. वजन वाचवण्यासाठी आपणच ते निवडले. म्हणून लिपो वाईट, हे मत मला पटत नाही. डबा जे लपवतो, ते पाकीट दाखवते, इतकेच.

१०/
हा वायू मुख्यतः चार वाटांनी येतो. सेल ४.२० व्होल्टच्या वर गेला की धनाग्राची घडण विस्कटून ऑक्सिजन सुटू लागतो आणि द्रावक जळू लागते. उष्णतेने पापुद्रा फाटतो, पुन्हा बनतो, आणि प्रत्येक वेळी द्रावकाचा बळी जातो. पाण्याचा अंश शिरला तर इलेक्ट्रोलाइटमधील क्षारातून हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होते. हलका माल येथे उघडा पडतो, कारण कारखान्यातील हवा कोरडी ठेवणे खर्चिक असते. चौथी वाट म्हणजे सेल फार रिकामा करणे: तसे झाले की पापुद्रा विरतो, ऋणाग्राखालचे तांबे विरघळू लागते आणि पुढच्या चार्जमध्ये तेच तांबे नको तेथे बसून आतून शॉर्टसर्किट घडवू शकते. एक खुलासा: चार्ज होताना ग्रॅफाइट स्वतः सुमारे एक दशांश जाड होते, त्यामुळे किंचित फरक दिसला म्हणून लगेच घाबरू नये. दाबल्यावर उशी लागते, तो वायू.

११/
आता निकेल-कॅडमियमच्या त्या दोन सवयी आठवा. रात्रभर चार्ज आणि पूर्ण रिकामी करणे: लिपोच्या बाबतीत दोन्ही घातक! तिला ‘स्मृती’ नाही आणि वायू जिरवण्याची सोयही नाही. उडताना भाराखाली सेल ३.० व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नये. जाणते लोक ३.५ च्या आसपासच विमान उतरवतात. चार्ज नेहमी बॅलन्स चार्जरवर करावा, कारण तीन सेलच्या पॅकमध्ये एकूण १२.६ व्होल्ट बरोबर दिसूनही एक सेल मर्यादेबाहेर गेलेला असू शकतो. करंट साधारण १सी ठेवावा, म्हणजे २२०० मिलिअँपिअर-तासांच्या पॅकला २.२ अँपिअर. उड्डाणानंतर पॅक निवू द्यावा, मगच चार्जरला लावावा. गोठणबिंदूखाली चार्ज केल्यास ग्रॅफाइटवर लिथियम धातूच साचतो, म्हणजे १९८९ चे संकट परत.

१२/
सर्वांत जास्त लिपो उडताना नव्हे, तर कपाटात मरतात. रविवारी उडवायचे म्हणून शनिवारी पूर्ण चार्ज केले, पाऊस आला, आणि पॅक महिनाभर ४.२० व्होल्टवर पडून राहिला, तर त्या महिन्यात धनाग्र द्रावकाला सतत कुरतडत असते. दोन-तीन दिवसांत वापर नसेल तर प्रत्येक सेल ३.८० ते ३.८५ व्होल्टवर आणून ठेवावा; बऱ्याच चार्जरवर त्यासाठी ‘स्टोरेज’चा पर्याय असतो. मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात बंद मोटारीत पॅक ठेवणे म्हणजे तो हाताने फुगवणेच. चार्जिंग फरशीवर किंवा मातीच्या कुंडीत करावे, जवळ पडदे-गाद्या नकोत, आणि आपण घरात जागे असावे.

१३/
फुगलेला पॅक सुईने टोचून ‘बरा’ करण्याचे व्हिडिओ फिरत असतात. कृपया तसे करू नका. आतील वायू ज्वलनशील असतो, आम्लाची वाफ असू शकते, आणि एका छिद्रातून आत शिरलेली दमट हवा उरलेले काम पूर्ण करते. असा पॅक पुन्हा चार्ज करू नये, दाबू नये, कपाटातही ठेवू नये. घराबाहेर, आडोशाला, वाळू भरलेल्या धातूच्या डब्यात ठेवावा. छोट्या बल्बच्या भाराने तो सावकाश रिकामा करणे मिठाच्या पाण्यात बुडवण्यापेक्षा खात्रीचे. मिठाच्या पाण्यात आधी टोकेच गंजतात आणि आत ऊर्जा शिल्लक राहू शकते. पण पॅक तापलेला, गळका किंवा फाटलेला असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये. टोकांना वेगवेगळी चिकटपट्टी लावून तो ई-कचरा संकलन केंद्रात द्यावा. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि आपण त्या घरच्या ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नयेत, असेही तेच नियम सांगतात.