फुजीगुरुजींचा ढोल

लोखंडाची एक गोल कडी, तिच्यावर ताणून बसवलेलं एकपदरी कातडं आणि खाली लाकडी मूठ. एका हातात मूठ धरायची, दुसऱ्या हातातल्या काठीनं ठोका द्यायचा. शाहिराच्या डफाला दांडी लावली तर जसा दिसेल, तसा हा जपानी ढोल. जपानीत त्याला उचिवा-दाइको म्हणतात. उचिवा म्हणजे हातपंखा. त्याच्याबरोबर एकच मंत्र म्हणायचा: ना-मु-म्यो-हो-रेन-गे-क्यो, म्हणजे सद्धर्मपुंडरीक सूत्राला नमन. अक्षरामागे एक ठोका. संगीत म्हणून ऐकायला गेलात तर निराश व्हाल.

मुंबईत वरळीला, पोदार हॉस्पिटलजवळच्या जपानी बुद्धमंदिरात हा ढोल सकाळ-संध्याकाळ वाजतो. अण्वस्त्रांविरुद्धच्या मोर्चांची जुनी छायाचित्रं काढून पाहा, पिवळ्या वस्त्रातला एखादा भिक्षू हाच ढोल घेऊन चालताना हमखास सापडेल. त्यामुळे हा ढोल जन्मापासूनच शांततेचा असणार, असं आपण धरून चालतो. पण त्याचं कूळ चांगलंच तापट आहे, आणि त्याच्या आयुष्याला वळण लागलं ते आपल्या वर्ध्याला.

मंत्राचा उद्गाता निचिरेन. १२५३ साली त्यानं उगवत्या सूर्याकडे तोंड करून हा घोष पहिल्यांदा केला, असं त्याचे अनुयायी मानतात. बाकीचे पंथ देशाला खड्ड्यात घालताहेत, हे तो राज्यकर्त्यांच्या तोंडावर सांगत राहिला, आणि त्यापायी त्याला दोनदा हद्दपारी भोगावी लागली. त्याच्या पंथात पुढे हा पंखा-ढोल आला. तोक्योच्या इकेगामी भागात ऑक्टोबरात निचिरेनच्या पुण्यतिथीची मिरवणूक निघते, तिच्यात तो आजही शेकड्यांनी वाजतो. आम्ही आहोत आणि आमचंच खरं आहे, हे गर्दीत ठणकावून सांगायचं हे वाद्य.

निचिदात्सु फुजी त्याच परंपरेतला. ६ ऑगस्ट १८८५ रोजी क्युशू बेटावर कुमामोतोकडच्या शेतकरी घरात जन्म, विशीच्या आतच दीक्षा. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो तोक्योत सम्राटाच्या राजवाड्यासमोर ढोल वाजवत बसला. मग मांचुरियात गेला आणि तिथं त्यानं आपल्या पंथाचं, निप्पोनझान म्योहोजीचं, पहिलं देऊळ उभारलं. त्या मुलखात तेव्हा जपानी रेल्वे होती आणि तिच्या राखणीला जपानी फौज होती. देऊळ त्या फौजेनं बांधलं नाही, पण ते उभं राहिलं तिच्याच सावलीत. पंथाचे भक्त हा भाग घाईनं उरकतात. मला तो उरकावासा वाटत नाही, कारण पुढच्या बदलाचं मोल त्याच्यामुळेच कळतं.

निचिरेननं म्हणून ठेवलं होतं की बुद्धाचा धर्म सूर्याच्या देशातून पुन्हा पश्चिमेला, चंद्राच्या देशात जाईल. चंद्राचा देश म्हणजे भारत. ते खरं करायला फुजी १९३१ साली कोलकात्याला उतरला. म्हणजे तो आला होता शिकवायला. बुद्ध विसरलेल्या भारतीयांना बुद्ध परत द्यायला.

४ ऑक्टोबर १९३३ रोजी वर्ध्याला त्याची गांधीजींशी भेट झाली. साबरमतीचा आश्रम विसर्जित करून गांधीजी नुकतेच वर्ध्याला आले होते, आणि महिन्याभरात तिथूनच त्यांचा हरिजन दौरा निघायचा होता. भेट अगदी थोडक्यात झाली. पण फुजी वर्ध्यात राहिला, आणि गांधीजी त्याला गुरुजी म्हणू लागले. ते नाव कायमचं चिकटलं. जपानी शिष्यसुद्धा त्याला 'गुरुजी'च म्हणत. इथून पुढे आपणही अहोजाहो करू.

गुरुजींचे शिष्य आश्रमात राहू लागले. १९३६ पासून गांधीजी सेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहायला गेले, तिथंही ढोल गेला. प्रार्थनेची सुरुवात जपानी मंत्रानं होऊ लागली. गीता, कुराण, बायबल, भजन हे सगळं त्यानंतर. हे मला फार विलक्षण वाटतं. दुसऱ्या कुणाचं खरं नाही, असं गरजणारं वाद्य इथं सर्वधर्मप्रार्थनेची घंटा झालं. ढोल तोच, मंत्र तोच; फक्त रांगेत त्याच्यामागे कोण उभं आहे ते बदललं.

मग डिसेंबर १९४१ मध्ये जपाननं ब्रिटिशांविरुद्ध युद्ध पुकारलं. आश्रमात राहणारा गुरुजींचा शिष्य, एक जपानी साधू, एका रात्रीत शत्रुराष्ट्राचा नागरिक झाला आणि पोलीस त्याला घेऊन गेले. ढोल मागे राहिला. पुढच्या जुलैत गांधीजींनी जपानी जनतेला उद्देशून एक अनावृत पत्र लिहिलं. ते 'हरिजन'मध्ये छापून आलं. चीनवरच्या आक्रमणाबद्दल त्यांनी जपानला चांगलंच खडसावलं, आणि भारतात आलात तर आम्ही प्रतिकार करू, असंही बजावलं. त्याच पत्रात त्यांनी त्या साधूची आठवण काढली: त्याचं हसू, त्याची नेमानं चाललेली उपासना, आणि त्यानं मागे ठेवलेला लहानसा ढोल, ज्याच्या साथीनं आश्रमाची सकाळ-संध्याकाळची प्रार्थना अजून सुरू होते. जपानी फौजा ब्रह्मदेश घेऊन भारताच्या सीमेवर येऊन ठेपल्या होत्या, आणि सेवाग्रामात रोज दोनदा जपानी ढोल वाजत होता! शांततेचा ढोल म्हणून त्याची पहिली नोंद शोधायची झाली तर मी या पत्राकडे बोट दाखवीन.

६ ऑगस्ट १९४५. फुजीगुरुजींनी त्या दिवशी साठी पूर्ण केली. आपल्याकडे जशी षष्ट्यब्दिपूर्ती, तशी जपानातही साठी मोठी मानतात. माणूस तिथून नव्यानं जन्माला येतो अशी समजूत आहे. त्या सकाळी सव्वाआठला हिरोशिमावर बॉम्ब पडला. वर्षअखेरपर्यंत त्या शहरात सुमारे १,४०,००० माणसं मेली. गुरुजींच्या पुढच्या चाळीस वर्षांचा विषय तिथं ठरला. १९५४ मध्ये कुमामोतोला त्यांचा पहिला शांतिस्तूप उभा राहिला. त्याच वर्षी बिकिनी बेटावरच्या अमेरिकी चाचणीची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली आणि जपानभर अण्वस्त्रांविरुद्ध सह्यांची मोहीम पेटली.

त्यानंतरचा प्रसंग नवी मुंबईच्या वाचकाला ओळखीचा वाटेल. तोक्योजवळ सुनागावा गावच्या शेतकऱ्यांच्या जमिनी अमेरिकी हवाई तळाची धावपट्टी वाढवायला हव्या होत्या. मोजणीदार आले, त्यांच्याबरोबर पोलीस आले. १९५६ च्या ऑक्टोबरात शेतकरी आणि विद्यार्थ्यांच्या पुढे निप्पोनझानचे भिक्षू ढोल वाजवत बसले. लाठ्या पडल्या, भिक्षूंनी हात उचलला नाही. वर्ध्यात शिकलेला धडा इथं गिरवला गेला. मोजणी थांबली, आणि १९६८ मध्ये अमेरिकनांनी तो बेतच सोडून दिला. आपल्याकडे जानेवारी १९८४ मध्ये, नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींवरून झालेल्या जासई-नवघरच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळ्यांनी पाच माणसं गेली. दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यात ढोल नव्हता आणि प्रश्नही वेगळा होता, जमिनीच्या भावाचा आणि साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळण्याचा. पण मोजणीदारामागे पोलीस उभे दिसले की शेतकऱ्याच्या पोटात काय होतं, ते उरण-पनवेलला समजावून सांगावं लागत नाही.

मुंबईत वरळीचं मंदिर १९५० च्या दशकात बिर्लांच्या देणगीतून उभं राहिलं. त्याआधी, १९३७ मध्ये, परळला गोव्याच्या धर्मानंद कोसंबींनी बहुजन विहार काढला होता, तोही बिर्लांच्याच पैशातून. हे धर्मानंद १९४७ च्या जूनमध्ये सेवाग्रामातच अन्नत्याग करून गेले. त्यांचा मुलगा दामोदर, गणिती आणि इतिहासकार, होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नोकरीला होता. देवाधर्माशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं, पण शांतता चळवळीत तो उघडपणे होता, आणि अणूपेक्षा उन्हावर पैसा घाला, असं म्हणत होता. १९६२ मध्ये त्या संस्थेनं त्याला पुढची मुदत दिली नाही.

सरकारनं पैसा अणूवर घातला. १९५४ च्या जानेवारीत ट्रॉम्बेला अणुऊर्जा केंद्र सुरू झालं. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तिथली अप्सरा अणुभट्टी चालू झाली. दोनच दिवसांनी हिरोशिमाला अकरा वर्षं होणार होती. १९६० मध्ये सायरस आली आणि तिच्यातल्या प्लुटोनियमनं १८ मे १९७४ चा पोखरणचा स्फोट झाला. त्याला 'हसरा बुद्ध' म्हणतात. त्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती असं आपण इतक्यांदा वाचलंय की कुणी पंचांग उघडत नाही. पौर्णिमा होऊन बारा दिवस लोटले होते. पोखरणला दुसऱ्यांदा चाचण्या झाल्या त्या ११ मे १९९८ ला मात्र खरोखरच बुद्धपौर्णिमा होती.

नेरूळ-सीवूड्सच्या खाडीकाठावरून पश्चिमेला पाहिलं की ती ट्रॉम्बेची टेकडी समोरच असते. खाडीच्या अलीकडे ढोलाचं काम अवघड आहे, कारण इथं अणू म्हणजे बॉम्ब नव्हे. वाशीत अणुऊर्जा खात्याच्या प्रकल्पात कोबाल्ट-६० च्या किरणांनी मसाले निर्जंतुक होतात. खारघरला याच खात्याच्या छत्राखाली कॅन्सरवर उपचार होतात. ज्या दाराशी आजारी माणूस नेला, त्या दारासमोर निषेधाचा ढोल वाजवायला माणूस कचरतो, आणि ते मला समजतं. पण टेकडीवरून बाहेर पडलेल्या गोष्टींची यादी मसाल्यांपाशी संपत नाही, हेही तितकंच खरं.

सरकारचा आणि गुरुजींचा संबंध मोठा गमतीचा होता. राजगीरच्या शांतिस्तूपाची पायाभरणी राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी केली आणि १९६९ मध्ये उद्‌घाटन राष्ट्रपती गिरींनी. त्या बांधकामावर राबलेला सुरई ससाई नावाचा तरुण भिक्षू पुढे नागपूरला आला. इंदोऱ्यात ढोल वाजवत फिरणारा हा जपानी तिथल्या बौद्ध वस्त्यांचा भंतेजी झाला आणि भारताचा नागरिकही. पोखरणनंतर चार वर्षांनी, १९७८ चा आंतरराष्ट्रीय सामंजस्याचा नेहरू पुरस्कार भारत सरकारनं फुजीगुरुजींना दिला. ज्या दिल्लीतून चाचणीला होकार, तिथूनच मानपत्र. दोन्हीत आपल्याला विसंगती दिसली नाही, म्हणजे सरकारला नाहीच, पण टाळ्या वाजवणाऱ्या आपल्यालाही नाही.

जून १९८२ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांचं निःशस्त्रीकरणावरचं विशेष अधिवेशन भरलं, तेव्हा निप्पोनझानचे भिक्षू दूरदूरहून पायी तिथं पोचले. १२ जूनला सेंट्रल पार्कमध्ये सुमारे दहा लाख माणसं जमली. ९ जानेवारी १९८५ रोजी गुरुजी वारले. वर्ध्याचा विश्वशांती स्तूप, विनोबांच्या गीताई मंदिराशेजारचा, १९९३ मध्ये पुरा झाला, म्हणजे तो त्यांनी पाहिला नाही. पुढच्या वर्षी त्यांच्या शिष्यांनी आउश्वित्झहून हिरोशिमाकडे पदयात्रा काढली आणि १९९५ च्या ऑगस्टमध्ये, बॉम्बला पन्नास वर्षं होताना, ते तिथं पोचले.

या ढोलामुळे एखाद्या देशानं बॉम्ब टाकून दिला, असं एकही उदाहरण नाही. जुलै २०१७ मध्ये १२२ देशांनी अण्वस्त्रबंदीच्या कराराच्या बाजूनं मत दिलं आणि २२ जानेवारी २०२१ पासून तो लागू झाला. सर्वांत आधी सही करणाऱ्यांत व्हॅटिकन होतं. जपाननं सही केलेली नाही. भारतानंही नाही.