महामारीतील आरोग्यसेवक आणि त्यांचे मनःस्वास्थ्य

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ही महामारी असल्याचे जाहीर केले. २२ मार्च रोजी आपण टाळ्या-थाळ्या वाजवून डॉक्टर, परिचारिका व सफाई कामगारांचे आभार मानले. मात्र त्यांच्या मनावरील ओझ्याचा विचार आपण क्वचितच केला.

जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्यसेवक कोविडने मृत्यू पावले असावेत, असा या संघटनेचा अंदाज आहे. पीपीई किट घालून तासन्‌तास पाण्याविना राबणे, घरी मुलांपासून दूर राहणे, नातलगांविना प्राण सोडणाऱ्या रुग्णाजवळ उभे राहणे, हा अनेकांचा नित्यक्रम झाला. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत खाटा व प्राणवायू अपुरे पडले, तेव्हा ‘आपण वाचवू शकलो नाही’ ही बोचणी मनात राहिली. तिला ‘नैतिक आघात’ म्हणतात.

कामाच्या दीर्घ ताणाने येणाऱ्या थकव्यास ‘बर्नआऊट’ असे नाव आहे. संघटनेच्या वर्गीकरणात तो आजार नसून कामाशी निगडित स्थिती मानला जातो. म्हणूनच त्याचा दोष व्यक्तीच्या दुबळेपणास देणे अन्यायाचे ठरते. पुरेसे मनुष्यबळ व विश्रांती हाच त्यावरील मुख्य उपाय होय. परंतु उदासी वा निद्रानाश दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेत १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते.

आपल्या घरातील वा शेजारच्या परिचारिकेस ‘आता विसरून जा’ असे सांगण्यापेक्षा तिचे म्हणणे शांतपणे ऐकून घेऊ या.