चिमूटभर तांबे

हुलसूर, भालकी, बसवकल्याण या आपल्या परिसरात बिदरीची एखादी डबी वा फुलदाणी बहुधा कुठल्या तरी कपाटात असतेच. काळ्याभोर अंगावर चांदीची वेलबुट्टी. या काळेपणाचे श्रेय आपण बिदर किल्ल्यातील मातीला देतो. ते अर्धेच खरे आहे.

अहमदशहा बहमनी याने पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला आणली. इराणी कारागिरांबरोबर ही कला येथे आली, असे परंपरा सांगते. संग्रहालयांतील जुने नमुने मात्र बहुतेक सतराव्या शतकापासूनचे आहेत. १८५१ च्या लंडन येथील प्रदर्शनातही बिदरी मांडली गेली होती.

बिदरीचा धातू मुख्यतः जस्ताचा. साधारण सोळा भाग जस्तास एक भाग तांबे मिसळून तो ओततात. मोरचूद चोळून अंग तात्पुरते काळे करतात, त्यावर नक्षी कोरतात आणि खाचांत चांदीची तार ठोकून बसवतात. शेवटी किल्ल्याची माती व नवसागर यांच्या गरम पाण्यात वस्तू बुडवतात. जस्त काळे पडते, चांदी तशीच राहते.

पण निव्वळ जस्तावर असा गडद थर धरत नाही. पृष्ठावरचे जस्त थोडे विरघळते आणि मागे उरलेले तांबे त्या काळ्या थरात उतरते. माती तीच, नवसागर तोच. तांबे नसेल तर बिदरी नाही.

आधुनिक विज्ञानही याच वाटेने गेले. १९७१ मध्ये आयझेनबर्ग व शॅबो यांनी हिऱ्यासारख्या कठीण कार्बनचा पातळ लेप तयार केला. यंत्रांच्या भागांवर तो आज वापरतात. परंतु साधारण ३०० ते ४०० अंश सेल्सिअसला त्याची घडण बिघडून ती ग्राफाइटकडे झुकू लागते. त्यात थोडे सिलिकॉन मिसळले की तो अधिक उष्णता सोसतो.

बिदरीला २००६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, २०२३ मध्ये बिदरचे शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली. दोन्ही आनंदाच्या गोष्टी. तथापि मानांकन नाव राखते, प्रमाण राखत नाही. किती तांबे, किती ताप, किती वेळ, हे कारागिराच्या हाताला ठाऊक असते. त्याच्या मुलाने दुसरा धंदा धरला तर किल्ल्यातली माती तेथेच पडून राहील.

म्हणून या सुट्टीत मुलांना बिदरला न्याल, तेव्हा दुकानाआधी कारखान्यात न्या. भट्टीजवळ त्यांना घटकाभर उभे राहू द्या.