सहा घरं, तीन दरवाजे

आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर बिडाचा एक जडशीळ तुकडा कित्येक वर्षं पडून होता. शेवरोले लॉरीचा इनलेट मॅनिफोल्ड. नाना, म्हणजे अम्मीचे वडील, रे रोडच्या एका गॅरेजात लॉऱ्यांचे मिस्त्री होते. तिथूनच कधीतरी तो घरी आला असावा. मी सात-आठ वर्षांचा असताना त्याची भोकं मोजली, ती तीन भरली. गाडी सहा सिलिंडरची आणि हवा आत जायला तोंडं तीनच, हे काही मला पटेना. नानांना विचारलं तर म्हणाले, “सहा घर, तीन दरवाजे. दो भाइयों में एक. कंपनी कंजूस थी, बेटा.”

कंपनी कंजूस होती हे मी पुढे खूप वर्षं खरं मानत आलो. त्या तीन दरवाजांचे सहा कोणी केले, कसे केले आणि मग त्या माणसांचं काय झालं, हे वाचनात आलं तेव्हा नानांच्या वाक्याकडे पुन्हा बघावं लागलं. आज त्याबद्दल लिहितो.

जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला मोटारी जोडण्याचा कारखाना काढला. सुटे भाग बोटीतून पेट्यांत यायचे आणि इथे गाडी उभी राहायची. हा कारखाना १९५४ पर्यंत चालला. त्यामुळे शेवरोलेची लॉरी आणि बस मुंबईच्या दोन पिढ्यांच्या ओळखीची होती, आणि त्या गाड्यांच्या पोटात असायचं ते सहा सिलिंडरचं इंजिन १९२९ च्या मॉडेलबरोबर बाजारात आलं होतं. फोर्डची गाडी तेव्हा चार सिलिंडरची. शेवरोलेने जाहिरात केली ती चारच्या किमतीत सहा अशी. १९४ घन इंच, म्हणजे सुमारे ३.२ लिटर, आणि ताकद ४६ अश्वशक्ती. त्याचे बोल्ट चुलीच्या बोल्टसारखे दिसायचे म्हणून अमेरिकेत त्याचं नाव ‘स्टोव्हबोल्ट’ पडलं. १९३७ मध्ये ते नव्याने आखलं गेलं, २१६ घन इंचांचं आणि ८५ अश्वशक्तीचं झालं.

एका रांगेत सहा सिलिंडर असलेल्या इंजिनाचा एक गुण फार मोठा आहे. पिस्टन वर-खाली जाताना जे धक्के बसतात ते पुढचे तीन आणि मागचे तीन एकमेकांचे झेलून घेतात. इंजिन थरथरत नाही. व्हॉल्व्हही शेवरोलेने डोक्यावर, म्हणजे हेडमध्ये बसवले होते. फोर्डने १९३२ मध्ये व्ही-८ आणलं तेव्हा त्याचे व्हॉल्व्ह बाजूला, ब्लॉकमध्येच होते आणि धूर ब्लॉकच्या आतून फिरून बाहेर पडायचा. कागदावर शेवरोलेचं सहा अधिक चांगलं. तरी कॅलिफोर्नियाच्या सुकलेल्या तळ्यांवर जुन्या गाड्या पळवणाऱ्या पोरांनी हात घातला तो फोर्डच्या व्ही-८ ला. तो स्वस्तात मिळायचा, आणि त्याचे सुटे भाग करणाऱ्यांची रांग लागली होती. सहा सिलिंडरवाले थोडे, जिद्दी आणि जरा टिंगलीचे धनी.

त्यांच्यापुढे अडचण होती ती नानांच्या तीन दरवाजांची. १ आणि २ नंबरच्या सिलिंडरला मिळून एक इनलेट पोर्ट, ३ आणि ४ ला एक, ५ आणि ६ ला एक. धुरासाठी चार पोर्ट, त्यातही मधले दोन सामाईक. वरवर पाहता यात बिघडलं काय? दोघे भाऊ एकाच वेळी थोडेच दारातून जातात?

इथे जरा हिशेब करावा लागतो. क्रँक दोन फेरे फिरतो, म्हणजे ७२० अंश, तेवढ्यात सहाही सिलिंडर एकेकदा पेटतात. दर १२० अंशांनी एक. क्रम असतो १-५-३-६-२-४. यात ३ आणि ४ बघा, दोघांत बरोबर तीन घरांचं अंतर, म्हणजे ३६० अंश. त्यांची भेट होत नाही. पण २ नंतर ४ आणि मग लगेच १ येतो. २ आणि १ मध्ये अंतर २४० अंशांचंच. ५ आणि ६ चंही तसंच. आता इंजिनाची ताकद वाढवायची तर पहिला उपाय म्हणजे कॅम बदलून इनलेट व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवणं. रेसच्या कॅमवर तो २६०-२७० अंश आणि त्याहूनही जास्त उघडा राहतो. म्हणजे २ नंबर अजून शेवटचा घोट घेतोय तोवर १ नंबरचा व्हॉल्व्ह त्याच दारात उघडतो. त्या क्षणी १ नंबरचा धुराचा व्हॉल्व्ह पुरता मिटलेला नसतो, त्यामुळे जळका वायू उलटा दारात येतो आणि तोच २ नंबरच्या वाट्याला जातो. मधली जोडी खुशाल, टोकाच्या दोन जोड्या भांडतायत. आणि कॅम जेवढा तिखट तेवढं भांडण मोठं. म्हणून इतर इंजिनांवर चालणारा हा उपाय या इंजिनावर एका मर्यादेपलीकडे अंगाशीच यायचा.

पहिल्या पिढीच्या सुट्या भागांनी ही गोष्ट सोडवली नाही, तिला वळसा घातला. एडमंड्स आणि निक्सन यांचे दोन किंवा तीन कार्बोरेटरचे मॅनिफोल्ड आले. फेंटनचे बिडाचे एक्झॉस्ट आले, ज्यात पुढच्या तीन सिलिंडरचा धूर वेगळा आणि मागच्या तिघांचा वेगळा. त्याचा आवाज आजही शौकिनांना वेड लावतो. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवणं तर कुठल्याही मिस्त्रीला जमणारं. १९३६ मध्ये इंडियानापोलिसची शर्यत धावलेले फ्रँक मॅकगर्क यांनी पुढे शेवरोलेसाठी कॅम आणि इतर भागांचा धंदाच मांडला. या सगळ्यांनी गाडी नक्की पळायला लागली. दरवाजे मात्र तीनच.

ते मोडून काढायचं ठरवलं वेन हॉर्निंग यांनी. १९४० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियात त्यांनी शेवरोलेच्या ब्लॉकवर बसणारं पूर्ण नवं हेड घडवलं. त्याला सहा इनलेट, सहा एक्झॉस्ट, म्हणजे बारा पोर्ट, आणि हवा एका बाजूने आत, धूर दुसऱ्या बाजूने बाहेर. ऐकायला सोपं वाटतं. पण ज्याने कधी ओतशाळेत दिवस काढला असेल त्याला यातली मेख कळेल. ब्लॉक कंपनीचा, तो बदलता येत नाही. सिलिंडरचं अंतर, बोल्टच्या जागा, कॅमवरून वर येणाऱ्या बारा पुशरॉडच्या जागा, सगळं आधीच ठरलेलं. त्या जंगलातून बारा वाटा काढायच्या आणि उरलेल्या जागेत पाणी खेळवायचं. त्यासाठी आधी लाकडाचा पॅटर्न, मग वाळूचे कोर. ओतताना एक कोर जरासा सरकला की पोर्टची भिंत पातळ होते, आणि ते कळतं कधी, तर मशीनवर सगळं काम झाल्यावर, पाणी गळायला लागतं तेव्हा. मोठ्या कंपनीची शंभर हेडं भंगारात गेली तरी तिचं चालतं. दोन-चार माणसांच्या दुकानाचा मात्र एका वाईट ओतकामात महिना बुडतो.

हेडचं हे दुखणं जगात दुसरीकडेही जाणवलं होतं. जपानमध्ये टोयोटाने १९३० च्या दशकात पहिलं इंजिन केलं ते याच शेवरोलेचा नमुना समोर ठेवून. त्यांचा पहिला नमुना ताकदीत मूळ इंजिनापेक्षा कमी भरला. हेडचा आराखडा बदलल्यावर तो पुढे गेला.

नवं हेड आलं तसं खालचं दुबळेपण उघडं पडलं. हे नेहमीचंच, एक गाठ सोडवली की पुढची दिसते. २१६ च्या इंजिनात कनेक्टिंग रॉडला दाबाने तेल मिळायचं नाही. रॉडच्या बुडाला छोटी पळी असायची, ती खालच्या हौदातून तेल उचलायची. वेग वाढला की नळीतून येणारी धार त्या पळीवर पडायची. बेरिंग व्हाइट मेटलची, पिस्टन बिडाचे. पाव आणि दूध पोचवणाऱ्या गाडीला हे पुरेसं होतं, उलट सोयीचंही, कारण व्हाइट मेटलचं काम आमच्या नानांसारखा माणूस कुठेही बसून करू शकायचा. पण बारा पोर्टच्या हेडखाली ते टिकेना.

त्यावरचं उत्तर युद्धातून आलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याचा अडीच टनी जीएमसी ट्रक सगळीकडे होता. पाच लाखांहून जास्त बनले आणि आपल्याकडे आसामातल्या लेडोहून निघणाऱ्या रस्त्यावरही ते धावले. त्याचं इंजिनही सहा सिलिंडरचंच, पण २७० घन इंचांचं, दाबाने तेल देणारं, बदलता येणाऱ्या शेल बेरिंगचं. युद्ध संपल्यावर ही इंजिनं भंगाराच्या भावात मिळू लागली. अमेरिकेत त्याला लाडाने ‘जिमी’ म्हणतात. हॉर्निंग आपल्या पहिल्या धंद्यातून बाहेर पडले, वेन मॅन्युफॅक्चरिंग हॅरी वॉर्नर यांच्या हाती गेली, आणि हॉर्निंगनी बारा पोर्टचं हेड आता जीएमसीसाठी केलं. हॉवर्ड जोहान्सन यांच्या दुकानातूनही तसं हेड निघालं. सैन्यासाठी ३०२ घन इंचांचं इंजिन आल्यावर तर या मंडळींची चैनच झाली. ज्या पोरांना दुकान परवडत नव्हतं त्यांच्यासाठी ‘कॅलिफोर्निया बिल’ या नावाने लिहिणाऱ्या बिल फिशर यांनी शेवरोले आणि जीएमसीवर पुस्तिका काढली. काय घासायचं, किती घासायचं, कुठे हात लावायचा नाही, सगळं त्यात होतं. मिस्त्री लोक आपलं ज्ञान सहसा मुठीत ठेवतात, म्हणून मला या पुस्तिकेचं फार अप्रूप वाटतं.

कंपन्यांना हे दिसत नव्हतं असं नाही. हडसनने आपल्या ३०८ घन इंची सहासाठी रेसचे भाग स्वतःच विकायला काढले आणि १९५२ मध्ये नॅसकारच्या ३४ पैकी २७ शर्यती जिंकल्या, तेही बाजूच्या व्हॉल्व्हवर. शेवरोलेने १९५३ मध्ये कॉर्व्हेट आणली. तिच्यात २३५ घन इंचांचं सहाच होतं, दाबाचं तेल, तिखट कॅम, तीन कार्बोरेटर, दुहेरी एक्झॉस्ट आणि १५० अश्वशक्ती. तळ्यांवरच्या पोरांची बहुतेक सगळी यादी कंपनीने उचलली होती. कार्बोरेटर तीन का, तर दरवाजे अजून तीनच.

आणि दोन वर्षांत सगळं आटोपलं. १९५५ साठी शेवरोलेने एड कोल यांच्या देखरेखीखाली केलेलं २६५ घन इंचांचं व्ही-८ आणलं. १६२ अश्वशक्ती, वजन सहापेक्षा कमी, आणि ते कोणत्याही डीलरकडे मिळत होतं. दहा वर्षं खपून, पॅटर्न तासून, फुटक्या हेडांचा तोटा सोसून लोकांनी जे कमावलं होतं ते गिऱ्हाइकाला आता नुसत्या हप्त्यावर मिळू लागलं. बारा पोर्टचं हेड कुठे चुकलं नव्हतं. त्याची गरजच बाजारातून निघून गेली. काही जण नव्या व्ही-८ चे भाग करायला लागले, काहींनी दुकान बंद केलं.

शेवरोलेने १९६२ मध्ये नवं सहा काढलं, सात मुख्य बेरिंगचं, चांगलं मजबूत. त्यातही इनलेट जोडीनेच! वर प्रत्येक जोड-पोर्टच्या मधोमध हेडच्या बोल्टचा खांब. मग पुन्हा कोणीतरी तो खांब छाटला, पोर्टच्या तळाला धातूचा उंचवटा बसवून हवेला वळण दिलं. त्याला ‘लंप’ म्हणतात आणि तो आजही विकला जातो. बॉनव्हिलच्या मिठागरावर जुन्या ओव्हरहेड इंजिनांसाठी ‘एक्सओ’ नावाचा वेगळा वर्ग आहे, तिथे बारा पोर्टचे जिमी अजून धावतात, आणि त्यांच्यासाठी हेडं आजही नव्याने ओतली जातात.

आता नानांचं वाक्य. कंपनी कंजूस होती का? तीन पोर्टला कोर कमी लागतात, ओतकाम कमी बिघडतं, मॅनिफोल्ड साधा होतो, आणि संथ चालणाऱ्या इंजिनाला हे पुरतं. लॉरीवाल्याला सहा दरवाजे देऊन तिने त्याच्याकडून जास्त पैसे घेतले असते, आणि त्याला त्याचा काही उपयोग नव्हता. मला वाटतं नाना इथे चुकले. पण हे मी त्यांना सांगू शकलो नाही, कारण २४० आणि ३६० अंशांचा हिशेब माझ्या डोक्यात शिरला तोवर ते राहिले नव्हते.

त्यांना तो हिशेब माहीत नव्हता असंही आता म्हणवत नाही. अम्मी सांगते, ते लॉरीचे सहा प्लग काढून वर्तमानपत्रावर ओळीने मांडायचे आणि वाकून बघत बसायचे. मधले दोन नेहमी वेगळ्या रंगाचे असतात, असं म्हणायचे. कार्बोरेटर मध्यावर बसतो, तेही त्याचं कारण असेल. पण ते दोन प्लग ३ आणि ४ नंबरचे होते.