दोन्ही हात मोकळे ठेवणारी छत्री

छत्री उघडली की माणसाचा एक हात कामातून जातो. उरलेल्या एका हाताने भाजीची पिशवी, पाकीट, मोबाईल आणि प्रसंगी कडेवरचे मूल सांभाळताना होणारी तारांबळ पावसाळ्यात कोणत्याही रस्त्यावर पाहायला मिळते. या अडचणीवरचा एक उपाय म्हणजे अंगावर बांधायची छत्री. छत्री बहुधा नेहमीचीच असते. ती धरण्याचे काम मात्र हाताऐवजी खांद्यावरून आणि कमरेभोवती जाणारे पट्टे करतात. या पट्ट्यांच्या जोडणीला ‘हार्नेस’ म्हणतात. अशी छत्री अंगावर चढवलेला माणूस प्रथम पाहिला की हसू येते, हे खरे. पण तिच्यामागची गरज जुनी आहे आणि ती सर्वप्रथम शहरातील माणसाला जाणवली, असे मुळीच नाही.

छत्रीच्या इतिहासात हात कोणाचा अडकतो, हा प्रश्न पहिल्यापासून आहे. राजाच्या मस्तकावरील छत्र राजा स्वतः धरीत नसे. ते धरण्यासाठी सेवक असे. म्हणजे राजाचे दोन्ही हात मोकळे आणि सेवकाचे बांधलेले. दुसऱ्या टोकाला शेतकरी. भाताची लावणी एका हाताने होत नाही. डाव्या हातात रोपांची मूठ असते आणि उजवा हात ती चिखलात रोवत असतो. शिवाय दिवसभर कमरेत वाकलेले. अशा माणसाच्या हाती छत्री देऊन उपयोग काय? म्हणून कोकणात इरले आले. बांबूच्या कामट्यांची जाळी विणून तीत रुंद पाने दाबून बसवलेले हे आवरण डोक्यावरून पाठीवर येते. वाकल्यावर ते पाठीला झाकते आणि पाणी दोन्ही बाजूंनी ओघळून जाते. पुढे पानांच्या जागी प्लास्टिकचा कागद आला. आकार मात्र तोच राहिला. ज्यांना इरले मिळत नसे त्यांच्यासाठी गोणपाटाची खोळ होतीच.

मेघालयातील खासी शेतकऱ्यांचे ‘क्नुप’ हे इरल्याचेच भावंड. कासवाच्या पाठीसारखे दिसणारे हे बांबू-पानांचे कवच डोक्यापासून कमरेखालपर्यंत पाठ झाकते. जेथे वर्षाला सरासरी अकरा हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्या मौसिनरामच्या परिसरात ते वापरले जाते, एवढे प्रमाणपत्र त्याला पुरेसे आहे. केरळमध्ये तर छत्रीच्या प्रकारावरून माणसाची पायरी कळत असे. ताडपानांची, दांडा असलेली ‘ओलक्कुडा’ मानाच्या माणसांच्या हाती असे, तर शेतात राबणाऱ्यांच्या डोक्यावर दांडा नसलेली ‘तोप्पिक्कुडा’, म्हणजे टोपीछत्री. हातात छत्री असणे याचा अर्थच असा, की त्या हाताला दुसरे काम नाही.

युरोपातही याहून वेगळे घडले नाही. अठराव्या शतकाच्या मध्यास जोनास हॅनवे लंडनच्या रस्त्यांवरून छत्री घेऊन फिरू लागला, तेव्हा लोकांनी त्याची चेष्टा केली आणि भाड्याच्या गाड्या हाकणाऱ्यांनी रोष धरला. छत्री आली तर पावसात गाडी कोण करणार? १८५२ मध्ये सॅम्युअल फॉक्सने पन्हळीसारख्या पोलादी काड्या तयार केल्या आणि छत्री हलकी झाली. १९२८ मध्ये जर्मनीत हान्स हाउप्टने घडी घालून खिशात मावणारी छत्री आणली. काड्या, कापड, घडी या सर्वांत सुधारणा होत गेल्या. पण मूठ हातातच राहिली.

आधुनिक काळात ही मूठ सोडवण्याचा गांभीर्याने प्रयत्न झाला, तो प्रामुख्याने लांब पल्ल्याच्या पदभ्रमंतीमुळे. अमेरिकेतील गिर्यारोहक रे जार्डिन यांनी १९९२ मध्ये ‘पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल’ या सुमारे ४,२०० किलोमीटरच्या पायवाटेसाठी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली आणि कमीत कमी ओझे घेऊन चालण्याचा विचार रुजवला. त्यांच्या सामानात छत्रीला मानाचे स्थान होते. रेनकोटात माणूस घामाने आतून भिजतो, छत्रीखाली वारा खेळता राहतो, हा त्यामागचा साधा तर्क. वाळवंटी टप्प्यात चंदेरी कापडाची छत्री उन्हापासूनही वाचवते. मात्र हातात काठ्या, नकाशा किंवा कॅमेरा असला की छत्री नकोशी होते. त्यातून छत्री पाठीवरील सॅकला बांधण्याच्या युक्त्या निघाल्या आणि पुढे कारखानदारांनी त्या उचलल्या. जर्मनीतील उल्म येथील ‘ऑयरोशिर्म’ची ‘स्विंग हँड्सफ्री’ छत्री खास सॅकच्या पट्ट्यांना जोडण्यासाठीच बनवलेली आहे. अमेरिकेत निघालेल्या ‘नुब्रेला’ने तर दांडाच काढून टाकला. खांद्यांवर बसणाऱ्या आधारावर पारदर्शक घुमट उभा राहतो आणि माणूस बुडबुड्यात शिरल्यासारखा दिसतो.

पट्ट्यांच्या छत्रीची रचना समजण्यास कठीण नाही. दांडा नेहमीपेक्षा लांब किंवा आत-बाहेर सरकणारा असावा लागतो. मूठ कमरेजवळ एका कप्प्यात रोवायची आणि दांड्याचा मधला भाग खांद्याजवळ चापात अडकवायचा. पकड दोन ठिकाणी हवीच. केवळ खांद्यावर एक चाप लावून छत्री अडकवली, तर ती पावलागणिक डुलते आणि काही मिनिटांतच मानेवर येते.

खरी परीक्षा वाऱ्याची असते. एक मीटर व्यासाच्या छत्रीचे क्षेत्रफळ सुमारे पाऊण चौरस मीटर भरते. ताशी ३६ किलोमीटर वेगाचा वारा या छत्रीवर समोरून आदळला, तर जवळपास पाच किलो वजनाइतका जोर लागतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, म्हणजे वीस किलोच्या घरात जातो. आणि हा जोर खांद्याच्या वर दांड्याच्या टोकाशी लागत असल्याने तरफेप्रमाणे साऱ्या धडाला पिळतो. छत्री हातात असताना आपण नकळत ती वाऱ्याकडे कलती करतो, झोत मोठा असेल तर मिटतो, अगदीच नाइलाज झाला तर सोडून देतो. मनगटाची ही हुशारी पट्ट्यांमध्ये नाही. म्हणूनच काड्या लवचिक फायबरग्लासच्या असणे आणि चाप एका झटक्यात सुटणे, या दोन गोष्टींवर अशा छत्रीची लायकी ठरते. इरले आणि क्नुप येथे सरस ठरतात. त्यांना दांडाच नसल्याने तरफ नाही. ते पाठीला बिलगून असतात आणि त्यांच्या आत वारा शिरण्यास फारसा वाव नसतो.

यावरून ही छत्री कोठे वापरू नये, हेही स्पष्ट होते. दुचाकीवर तर मुळीच नाही. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या स्कूटरवर हवा पडलेली असतानाही समोरून तेवढाच वारा येतो. दुचाकीवर छत्री उघडल्याने होणाऱ्या अपघातांमुळे केरळच्या परिवहन खात्याने ऑक्टोबर २०२१ मध्ये अशा वापरावर बंदी घातली. अंगाला बांधलेली छत्री वाऱ्याने ओढली, तर तिच्यासोबत माणूसही ओढला जाणार. सह्याद्रीच्या कड्यांवर पावसाळ्यात फिरणाऱ्यांनीही हाच विचार करावा, आणि विजा चमकत असतील तर उघड्या माथ्यावर कोणतीच छत्री डोक्याच्या वर उंचावू नये. दादरच्या पुलावर गर्दीच्या वेळी ही छत्री उघडणारा वाऱ्यातून वाचेल, पण शेजाऱ्याच्या डोळ्यापाशी येणाऱ्या काड्यांचा जाब त्याला द्यावा लागेल.

मग तिचा उपयोग कोणाला? झाडाखाली तासन्‌तास थांबणारे पक्षीनिरीक्षक, छायाचित्रकार, मोकळ्या जागेत मोजणी करणारे सर्वेक्षक, बाळाला दोन्ही हातांनी धरणारे पालक, अशांना ती निश्चितच सोयीची आहे. अडचण आहे ती कुबड्यांवर चालणाऱ्यांची. दोन्ही हात अडकलेल्या या लोकांसाठीच खरे तर असे साधन हवे. पण पट्टे बांधायला आणि छत्री उघडायला त्यांना दुसऱ्याची मदत लागते आणि वाऱ्याचा झोत आल्यास चाप सोडण्यासाठी हात रिकामा नसतो. चालताना त्यांचे खांदे अधिक हलतात, तशी छत्रीही हलते. पांढरी काठी वापरणाऱ्या अंध व्यक्तींचा प्रश्न आणखी निराळा आहे. कापडावरील पावसाच्या ताशामुळे वाहनांची चाहूलच बुजते. या दोघांसाठी आजही टोपीचा, ढगळ, पाठीवरील पिशवीसह अंग झाकणारा रेनकोटच अधिक सुरक्षित म्हणावा लागतो. विकत मिळणाऱ्या छत्र्यांपैकी बहुतेकींची रचना धडधाकट प्रवाशाला समोर ठेवून झालेली आहे.

घ्यायचीच झाली, तर दुकानात ती अंगावर बांधून पाहावी, दोन्ही बाजूंना मान वळवून रस्ता दिसतो का ते तपासावे, आणि डोळे मिटून एका हाताने चाप सोडता येतो का, हे दोन-तीनदा करून पाहावे. पाऊस तिरका असल्यास गुडघ्याखाली भिजणे मात्र या छत्रीतही चुकत नाही.